ब्लोअर सुरू झाला की एचसी-०५ कडून येणाऱ्या तापमानाच्या ओळी बिघडतात

प्रश्न: भट्टीवाला, वागळे इस्टेट, ठाणे

नमस्कार. वागळे इस्टेटमधील आमच्या गाळ्यात पावडर कोटिंगचे काम चालते. पावडर फवारलेला माल ओव्हनमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-पंधरा मिनिटे ठेवावा लागतो, आणि हल्ली ग्राहक प्रत्येक लॉटबरोबर तापमानाची नोंद मागू लागले आहेत. तयार रेकॉर्डर विकत घेण्याऐवजी मी स्वतःच जुळणी करायला घेतली. ओव्हनमध्ये के प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तारजोडी), त्याला ते वाचणाऱ्या मॅक्स६६७५ चिपचे मॉड्यूल, पुढे आर्डुइनो उनो हा छोटा नियंत्रक बोर्ड आणि त्याला एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल, अशी साखळी आहे. नोंद घेणारा विंडोजचा संगणक नऊ मीटरवरच्या केबिनमध्ये आहे. मधून सतत मालाची ट्रॉली जात असते. पूर्वी जमिनीवरून टाकलेली वायर दोन आठवड्यांत चिरडली गेली, म्हणून बिनतारी मार्ग निवडला.

मॉड्यूल लॅमिंग्टन रोडवरून आणलेले आहे. ते १० आणि ११ क्रमांकांच्या पिनांना जोडले असून सॉफ्टवेअरसिरियल या आर्डुइनोच्या लायब्ररीने ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) दर सेकंदाला एक ओळ पाठवतो. मॉड्यूलच्या आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनेला ५ व्होल्ट सोसत नाहीत असे वाचल्यामुळे मध्ये व्होल्ट कमी करणारा दोन रेझिस्टरांचा विभाजक लावला आहे. संगणकावर पायथनचा छोटा प्रोग्रॅम ओळी वाचून फाइलमध्ये लिहितो.

घरी टेबलावर हीच जुळणी लॅपटॉपच्या यूएसबीवर दोन दिवस चालवली, तेव्हा एकही चूक आली नाही. गाळ्यात आणून पत्र्याच्या पॅनेलमध्ये बसवली, मोबाइलच्या चार्जरवरून वीज दिली, आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला. हवा फिरवणाऱ्या ब्लोअरची मोटर चालू असताना अधूनमधून ओळींमध्ये भलतीच अक्षरे येतात. ब्लोअर सुरू किंवा बंद होण्याच्या क्षणी काही वेळा जोडणीच तुटते आणि प्रोग्रॅम हाताने पुन्हा सुरू करावा लागतो. फाइलमधला एक तुकडा जसाच्या तसा देतो:

१८३.२५
१८३.५०
१८■.ङ०
१८३.५०
प्रारंभ
१८३.७५
१■३.७५

ब्लोअरमुळे ब्लूटूथच्या लहरींमध्ये व्यत्यय येत असावा, असा माझा अंदाज आहे. बाहेरची अँटेना असलेले जास्त ताकदीचे मॉड्यूल घ्यावे का? की ४३३ मेगाहर्ट्झच्या एचसी-१२ या रेडिओ मॉड्यूलकडे वळावे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: खाडीपलीकडचा, ऐरोली

नवीन मॉड्यूलवर पैसे घालण्याआधी थोडे थांबा. आपण दिलेल्या सात ओळींतच बहुतेक उत्तर आहे आणि ते लहरींकडे बोट दाखवत नाही.

आधी भलत्या अक्षरांविषयी. एचसी-०५ मधले ब्लूटूथ जुन्या, म्हणजे क्लासिक प्रकारचे आहे. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत राहते, आणि हवेतून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पॅकेटबरोबर १६ बिटांची तपासणी-संख्या पाठवते. पलीकडे ती संख्या जुळली नाही तर ते पॅकेट टाकून दिले जाते आणि पुन्हा मागवले जाते. त्यामुळे हवेत कितीही गोंधळ असला तरी त्याचा परिणाम उशीर होण्यात किंवा जोडणी तुटण्यात दिसतो. फार झाले तर मॉड्यूलची साठवण भरून काही अक्षरे गळतात, आणि दर सेकंदाला सात-आठ अक्षरे पाठवणाऱ्या आपल्या जुळणीत तेही संभवत नाही. पाच या आकड्याचा ‘ङ’ मात्र हवेत होत नाही. अक्षर गळणे आणि अक्षर बदलणे हे दोन वेगळे आजार आहेत. आपल्याकडे अक्षर बदलते आहे, म्हणजे ते हवेत शिरण्यापूर्वीच, आर्डुइनो आणि मॉड्यूल यांच्यामधल्या बोटभर वायरवर बदलले आहे.

दुसरी खूण म्हणजे मध्येच आलेला ‘प्रारंभ’ हा शब्द. तो आपण प्रोग्रॅमच्या सेटअपमध्ये लिहिला असणार आणि तो फक्त आर्डुइनो नव्याने सुरू झाल्यावरच छापला जातो. म्हणजे त्या क्षणी ब्लूटूथची जोडणी शाबूत होती आणि आर्डुइनोच रीसेट झाला होता! ज्या वेळी मॉड्यूलसुद्धा त्याच झटक्यात बंद पडते, त्या वेळी हा शब्द संगणकापर्यंत पोहोचत नाही आणि आपल्याला फक्त ‘जोडणी तुटली’ एवढेच दिसते. दोन्ही प्रकार मला एकाच कारणाचे वाटतात.

आता सर्वांत महत्त्वाचा फरक आपण स्वतःच सांगितला आहे: घरी वीज यूएसबीतून मिळत होती, गाळ्यात चार्जरमधून. चार्जरची लाल वायर नेमकी कोणत्या पिनेला जोडली आहे? ती व्हीआयएन या पिनेला असेल तर हा घोटाळा तिथूनच सुरू होतो. व्हीआयएनची वीज बोर्डावरच्या, ५ व्होल्ट करून देणाऱ्या रेग्युलेटरमधून जाते आणि तो स्वतःसाठी साधारण एक व्होल्ट खातो, म्हणून तिथे किमान सात व्होल्ट द्यावेत असे आर्डुइनोच्या माहितीपत्रकात सांगितलेले असते. पाच व्होल्ट दिले तर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या रेषेवर चारच्या आसपास उरतात. उनोवरील एटीमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर बिनचूक चालण्यासाठी, तिच्या माहितीपत्रकातील आलेखानुसार, सुमारे ३.७८ व्होल्ट लागतात, आणि एचसी-०५ च्या छोट्या बोर्डावर तर ‘३.६ ते ६ व्होल्ट’ असे छापलेलेच असते. म्हणजे आपण दोघांनाही कड्याच्या टोकावर उभे केले आहे, आणि ब्लोअरचा कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा चुंबकीय स्विच) खटकन बसतो तेव्हा त्यांना धक्का बसतो.

कृपया तीन गोष्टी तपासून कळवाव्यात. ब्लोअर चालू असताना मल्टिमीटरने आर्डुइनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड या पिनांमधला विजेचा दाब (व्होल्टेज) मोजा. विभाजकातले रेझिस्टर किती ओहमचे आहेत ते सांगा. आणि एक सोपी चाचणी करा: एचसी-०५ च्या टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) आणि आरएक्सला लावलेल्या वायरी आर्डुइनोपासून सोडवून मॉड्यूलच्या त्या दोन पिना एकमेकींना जोडा, वीज तशीच राहू द्या, संगणकावरून पोर्ट उघडून काहीही टंकलिखित करा. पाठवलेले प्रत्येक अक्षर तसेच परत आले पाहिजे. ब्लोअर दहा-वीस वेळा चालू-बंद करूनही ते अचूक परत येत असेल, तर मॉड्यूल, हवा आणि संगणक हे तिन्ही निर्दोष ठरतात आणि शोध आर्डुइनोपासून मॉड्यूलपर्यंतच्या वायरीवर येऊन थांबतो. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, तरी बहुतेक लोक ती सोडून थेट दुकान गाठतात.

जाता जाता एक सांगतो. कोणी आपल्याला ‘संगणकावरच्या कॉम पोर्टचा बॉड रेट बदलून पाहा’ असे सुचवील. ब्लूटूथचा कॉम पोर्ट, म्हणजे प्रोग्रॅम जिथून डेटा वाचतो ते संगणकाचे तोंड, आभासी असतो. तिथे ९६०० लिहा की ११५२००, त्याने काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. बॉड रेट जुळावा लागतो तो आर्डुइनो आणि मॉड्यूल या दोघांमध्येच.

उत्तर २: सायडिंग, रबाळे

वरील निदान पटण्यासारखे आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. कारखान्यातली नोंद ग्राहकाला द्यायची असेल तर ब्लूटूथचा हट्ट कशासाठी? नऊ मीटर म्हणजे काहीच अंतर नाही. जमिनीवरून वायर टिकत नसेल तर ती भिंतीवरून, केबल ट्रेमधून वर न्यावी. त्यासाठी आरएस-४८५ ही तारेवरून डेटा नेण्याची पद्धत आहे: आर्डुइनोच्या टोकाला मॅक्स४८५ चे मॉड्यूल, मध्ये पीळ दिलेली दोन तारांची शील्ड असलेली केबल, टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर, आणि संगणकाला यूएसबीचा आरएस-४८५ कन्व्हर्टर, इतके पुरते. ही पद्धत दोन तारांमधला फरक मोजते, त्यामुळे मोटरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. कमी वेगाला ती १२०० मीटरपर्यंत नेता येते. आमच्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत अशा जोडण्या वर्षानुवर्षे कोणी हात न लावता चाललेल्या मी पाहिल्या आहेत.

एचसी-१२ मात्र घेऊ नका. तिथे हवेतून आलेल्या प्रत्येक ओळीच्या पोहोचेची जबाबदारी तुमच्या प्रोग्रॅमवर येते. ब्लूटूथमध्ये पुन्हा पाठवण्याचे जे काम फुकटात होते, ते तुम्हाला स्वतः लिहावे लागेल. शिवाय पत्र्याच्या पॅनेलमध्ये ठेवाल तर तेही गुदमरेल. त्यावरून आठवले, आपले एचसी-०५ पत्र्याच्या बंद पेटीत आहे का? त्याची अँटेना म्हणजे छापील बोर्डाच्या टोकाला असलेली ती नागमोडी तांब्याची रेघ. तिला लोखंडी डब्यात बंद केल्यावर दहा मीटरची अपेक्षा धरणे बरोबर नाही. वरच्या उत्तरात हा मुद्दा आला नाही.

प्रत्युत्तर: खाडीपलीकडचा, ऐरोली

पत्र्याच्या पेटीचा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला, हे मान्य. आरएस-४८५ विषयीही माझा वाद नाही. कायमची जोडणी करायची तर मीही तीच निवडीन. पण वीजपुरवठ्यातला दोष तसाच ठेवून केबल टाकली तर आर्डुइनो तेव्हाही रीसेट होईल आणि ‘प्रारंभ’ हा शब्द तितक्याच निष्ठेने केबलवरून येत राहील. म्हणून आधी वीज.

उत्तर ३: पहिलीच जुळणी, नेरूळ

विषयाला धरूनच एक उपप्रश्न विचारतो. माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला एचसी-०५ यादीत दिसतच नव्हते. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये उपकरणे शोधण्याचा पर्याय ‘डीफॉल्ट’ वरून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ केल्यावर ते दिसले आणि १२३४ हा सांकेतिक क्रमांक टाकून पेअरही झाले. आता मात्र दोन कॉम पोर्ट दिसतात आणि त्यांपैकी एक उघडला की प्रोग्रॅम नुसता ताटकळत राहतो. मॉड्यूलवरचा दिवाही भराभर लुकलुकत राहतो.

प्रत्युत्तर: सायडिंग, रबाळे

पेअर होणे म्हणजे जोडणी होणे नव्हे; ती फक्त ओळख करून देणे आहे. दिवा भराभर लुकलुकतो तोवर मॉड्यूल कोणाची तरी वाट पाहत असते. जोडणी झाल्यावर तो दोनदा चमकून थोडा थांबतो, पुन्हा दोनदा चमकतो. दोन पोर्टांपैकी एक ‘इनकमिंग’ असतो, म्हणजे समोरच्याने हाक मारावी म्हणून संगणकाने उघडा ठेवलेला. एचसी-०५ मुळात स्वतःहून हाक मारत नाही. आपल्याला ‘आउटगोइंग’ पोर्ट हवा. तो कोणता हे ब्लूटूथच्या अधिक पर्यायांमधील कॉम पोर्टच्या टॅबमध्ये लिहिलेले असते. मॉड्यूल काढून पुन्हा पेअर केले तर पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून तो प्रोग्रॅममध्ये कायमचा कोरून ठेवू नये.

प्रश्नकर्त्याचा खुलासा: भट्टीवाला, वागळे इस्टेट

सर्वांचे आभार. दोन दिवस ओव्हनचे काम चालू असल्यामुळे उत्तराला उशीर झाला.

चार्जरची लाल वायर खरोखरच व्हीआयएनला होती. ‘पाच व्होल्ट दिले की पाच व्होल्ट मिळाले’ असा माझा भाबडा हिशेब होता. ५ व्होल्टच्या पिनेवर ब्लोअर बंद असताना ३.९८ आणि चालू असताना ३.९ च्या खाली-वर असा दाब मिळाला. कॉन्टॅक्टर बसण्याच्या क्षणी मीटरचा आकडा क्षणभर घसरलेला दिसे, पण नेमका किती ते मीटरवर वाचता आले नाही. चार्जरची वायर काढून तोच चार्जर साध्या यूएसबी केबलने आर्डुइनोच्या यूएसबी तोंडाला लावला. आता दाब ४.९ च्या पुढे आहे आणि काल दिवसभरात ‘प्रारंभ’ हा शब्द सकाळी एकदाच आला, तोही मी स्वतः वीज दिली तेव्हा.

भलती अक्षरे मात्र पूर्ण थांबली नाहीत, कमी झाली. टीएक्स आणि आरएक्स जोडण्याची चाचणी केली, ब्लोअर पंचवीस वेळा चालू-बंद केला. एकही अक्षर बदलले नाही. विभाजकात १०० किलोओहम आणि २०० किलोओहमचे रेझिस्टर आहेत. गुणोत्तर १ ला २ हवे एवढेच वाचले होते, आणि मोठा रेझिस्टर म्हणजे मॉड्यूल जास्त सुरक्षित, असे वाटले. या वायरी पॅनेलमध्ये ब्लोअरच्या तीन फेजच्या वायरींबरोबर एकाच पट्टीने बांधलेल्या होत्या, हेही कबूल करतो.

उत्तर ४: खाडीपलीकडचा, ऐरोली

मग दोषी सापडला. गुणोत्तर बरोबर आहे, पण १०० आणि २०० किलोओहम एकत्र पाहिले तर मॉड्यूलच्या आरएक्सला ती रेषा जवळपास ६७ किलोओहमच्या अडथळ्यातून दिसते. इतक्या लेच्यापेच्या रेषेवर शेजारच्या मोटरच्या वायरीतून आलेला क्षुल्लक झटकाही व्होल्टभर उडी मारू शकतो. १ किलोओहम आणि २ किलोओहम लावा. तोच ३.३३ व्होल्टचा दाब मिळेल, प्रवाह दीड-दोन मिलिअँपिअर जाईल, तो आर्डुइनोची पिन सहज देते, आणि रेषा जवळपास शंभर पटींनी घट्ट होईल.

घरी हाच विभाजक का चालला, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. यूएसबीवर आर्डुइनोचा ‘एक’, म्हणजे १ हा बिट दाखवणारा दाब, ५ व्होल्ट. त्याचे दोन तृतीयांश ३.३३. गाळ्यात आर्डुइनोचा ‘एक’ ३.९ वर आला, म्हणजे मॉड्यूलपाशी २.६. मॉड्यूलच्या चिपला ‘एक’ ओळखण्यासाठी आपल्या ३.३ व्होल्टच्या सुमारे सात दशांश, म्हणजे २.३ व्होल्ट लागतात. घरी एक व्होल्टची मोकळीक होती, गाळ्यात जेमतेम पाव व्होल्टची राहिली, आणि त्यात शेजारी मोटर आली. वीज सुधारल्यावर चुका कमी झाल्या पण संपल्या नाहीत, ते याचमुळे.

डेटाच्या वायरी मोटरच्या वायरींपासून वेगळ्या करा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. मॉड्यूल पॅनेलबाहेर प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये न्या, पण आर्डुइनोसकट न्या. नुसते मॉड्यूल बाहेर काढलेत तर हीच दुबळी वायर आणखी लांब होईल. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, झटके शोषणारा तयार आरसी सप्रेसर मिळतो, तो लावून घ्या. कॉइल एसीची असल्याने तिथे डायोड चालत नाही. हे काम मुख्य स्विच बंद करून, गाळ्याचे वायरिंग करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे. आणि ओव्हनचा जास्त तापमानाला बंद होण्याचा थर्मोस्टॅट आहे तसाच स्वतंत्र राहू द्या. ही जुळणी फक्त नोंदीसाठी. तिच्या हातात हीटर देऊ नका.

प्रोग्रॅममध्येही एक भर हवी, कारण हवेतली तपासणी त्या बोटभर वायरीवर लागू होत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वतःची तपासणी-संख्या पाठवा. सर्वांत सोपी रीत म्हणजे ओळीतील सर्व अक्षरांच्या अ‍ॅस्की संकेतांचा (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या आकड्यांचा) एकापाठोपाठ एक्सऑर (बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) काढणे. ‘१८३.२५’ साठी ४९, ५६, ५१, ४६, ५० आणि ५३ हे संकेत घेतले तर उत्तर १९ येते. ओळ ‘१८३.२५*१९’ अशी पाठवा, संगणकावर तोच हिशेब पुन्हा करा आणि जुळला नाही तर ओळ मुख्य फाइलमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये टाका. अक्षर चमत्कारिक दिसले तर डोळ्यांना कळते. पण ३ चा ७ झाला तर १८३ चे १८७ होतील आणि ग्राहकाच्या नोंदीत ते खुशाल खरे म्हणून बसतील. तीन आणि सात यांच्या संकेतांत एकाच बिटाचा फरक आहे.

वाचनाचा वेग वाढवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, मॅक्स६६७५ ला एका मोजणीला ०.२२ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. त्याहून लवकर विचारले तर चालू मोजणी मोडते आणि जुनाच आकडा पुन्हा हाती येतो. दर सेकंदाला एक ओळ हेच योग्य आहे.

प्रश्नकर्त्याचा खुलासा: भट्टीवाला, वागळे इस्टेट

रेझिस्टर बदलले, वायरी वेगळ्या केल्या, आर्डुइनो आणि मॉड्यूल दोन्ही प्लास्टिकच्या डब्यात पॅनेलच्या बाहेरच्या बाजूला आले. सप्रेसर वायरमनने शनिवारी लावला. तपासणी-संख्याही जोडली असून नापास ओळींची वेगळी फाइल ठेवली आहे. सोमवार ते गुरुवार ब्लोअर रोजच्यासारखा चालला. त्या फाइलमध्ये एकच ओळ आहे, बुधवारी दुपारी ३ वाजून ४० मिनिटांची. त्याच वेळी शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू होते, पण दोहोंचा संबंध आहे असे एका ओळीवरून म्हणणार नाही. जोडणी एकदा तुटली, ती मी केबिनमधला संगणक बंद केला म्हणून. प्रोग्रॅम आता पोर्ट बंद पडल्यास दर पाच सेकंदांनी स्वतः पुन्हा उघडून पाहतो.

सायडिंग यांनी सुचवलेली केबल दिवाळीच्या सुट्टीत, ओव्हन थंड असताना, ट्रेमधून टाकून घेईन. तोपर्यंत हे असेच चालू ठेवतो.